अजून थोडं कोरडं

मिठाच्या बरणीत मी जूनमध्ये तांदळाचे दाणे टाकते आणि डिसेंबरात काढून घेते. इरा, नील, तिकडे परदेशात तुमच्याकडे मीठ बारा महिने सुटं राहतं, त्यामुळे तुम्हाला हे विचित्र वाटेल. इथे पावसाळ्यात मीठ पाणी धरतं, बरणीला आतून घाम येतो, चमचा रुतून बसतो. मग वर्षाच्या शेवटी एक सकाळ अशी येते की बरणी तिरकी केली की मीठ आपणहून घरंगळतं. पापड डब्याबाहेर राहिला तरी मऊ पडत नाही. काडेपेटी पहिल्याच काडीला पेटते. नायलॉनची साडी घडी करताना चटचट करते. आम्ही मुलुंडला डोंगराच्या बाजूला राहतो. सकाळी फिरायला जाणारे लोक माकडटोप्या चढवतात आणि एकमेकांना 'काय थंडी आहे' असं सांगतात. थंडी काही नसते. हवा कोरडी असते, एवढंच. पण मुंबईच्या माणसाला कोरड्या हवेचंही अप्रूप.

मला ते इतरांपेक्षा जास्त होतं. एके काळी मी त्या हवेची वर्षभर वाट पाहत असे. ह्या वर्षी ती आली, मीठ घरंगळलं, आणि मी बरणी परत फडताळात ठेवून दिली.

तुमची आई जन्मायच्या आधी मी चेंबूरच्या पुढे एका प्रयोगशाळेत काम करत असे. घाटकोपरहून एक बस मला फाटकापाशी सोडायची. खिडकीतून खाडी दिसत नसे, पण दुपार कलली की वारा तिकडून फिरायचा आणि माहुलच्या तेलशुद्धीकरणाचा वास आत यायचा. त्या वासाबरोबर दमटपणा यायचा. म्हणून आमच्याकडे एक अलिखित नियम होता: ज्याला पाण्याचं वावडं आहे ते काम वास यायच्या आत आटपायचं. पावसाळ्यात तर असली कामं कोणी काढतच नसे. चार महिने वाचन, मोजमापं, काचा धुणं. खरं काम थंडीत. शेतकऱ्याचा असतो तसा आमचाही हंगाम होता, आणि तो पाऊस सरल्यावर यायचा.

माझं काम रुथेनियमचं होतं. नील, तू इतिहासवाला, म्हणून सोपं करून सांगते. रुथेनियम हा प्लॅटिनमच्या भावकीतला धातू. त्याला स्वतःभोवती इतर रेणूंना धरून बसवायची हौस असते. फॉस्फरसला फ्लोरीन जोडायचा हा आमचा उद्योग होता, पण फ्लोरीन हे प्रकरण आडदांड. त्याच्या वायूला हात लावायचा म्हणजे हात गमवायची तयारी. शिवाय एक-दोन फ्लोरीन घेतलेले काही फॉस्फरस मोकळे सोडले की टिकत नाहीत, आपापसांत अदलाबदल करतात आणि भलतंच होऊन बसतात. रुथेनियमने पाठीला हात दिला तर कदाचित ते टिकतील, आणि सौम्य मार्गाने बनवताही येतील, अशी आमच्या सरांची कल्पना होती. बरं, आमच्या रुथेनियमवर धन भार. त्याला जोडीला ऋण भाराचा कोणीतरी सोबती लागतो. त्या जागी आम्ही सहा फ्लोरीन लावलेला एक फॉस्फरस घ्यायचो. पीएफ-सिक्स. सहा बाजूंनी तृप्त असलेला, कोणाच्या अध्यात ना मध्यात. तो नुसता शेजारी बसून राहायचा. त्याच्याकडे बघायचं कारण नसे, आणि कोणी बघतही नसे.

त्या वर्षी पावसाळ्यात मी नियम मोडून एक फ्लास्क लावला होता. मधेच वीज गेली, पंप थांबला, आणि बाहेरची ओली हवा सुस्कारा टाकल्यासारखी आत गेली. मला ऐकू आली. टाकून द्यायला हवं होतं, पण एवढं महाग रुथेनियम टाकवेना. मी बूच लावलं आणि फ्लास्क मागे सरकवून ठेवला. पुढे केव्हातरी बघते तो शेंदरी द्राव सोनचाफ्यासारखा पिवळा झालेला. नमुना तपासायला दिला. कागदावर तीन शेंडे उमटून आले, मधला उंच, बाजूचे दोघे त्याच्या निम्मे. फॉस्फरसला दोन फ्लोरीन असले की कागदावर असाच आकार येतो. मी तो कागद खिडकीशी नेऊन उजेडात धरला. बाहेर धो धो पाऊस होता, आणि मला वाटलं होतं की हे माझ्या हातून झालं आहे.

सर कमी बोलायचे. चष्मा कपाळावर ढकलून त्यांनी कागद बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "शैला, पुन्हा कर. पण स्वच्छ कर. पाऊस संपू दे. परत जमलं की तुझं नाव पीएचडीला नोंदवू, फेलोशिपही वाढवून मागू." फेलोशिप मार्चपर्यंत होती. म्हणजे एक हंगाम माझ्या हातात होता.

आता वाचताना तुम्हाला दिसत असेल. मला दिसलं नाही. ओल आत गेली असूनही हे झालं, असं मी समजले. ओल आत गेल्यामुळे झालं, असं माझ्या मनात आलं नाही. मी मिशनरी शाळेत शिकलेली मुलगी. वाकोल्याच्या दोन खोल्यांत आम्ही सहा माणसं राहायचो, आणि माझं कंपासपेटीतलं खोडरबरसुद्धा ठरल्या जागी असायचं. घोटाळ्यातून काही चांगलं होऊ शकतं हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

तो फ्लास्क मी धुतला तर आतून धुकट झालेला. काच आंधळी झाली होती. वाटलं, काचा धुवायच्या कॉस्टिक सोड्याच्या टबात जास्त वेळ राहिला असेल. प्रयोगाला तो पुन्हा चालणार नव्हता, म्हणून विचारून घरी आणला आणि त्यात मनीप्लँट लावला. घाटकोपरच्या आमच्या खोलीत मोरीच्या वरच्या खिडकीत तो असायचा. तुमचे आजोबा तिथेच आरसा टेकवून दाढी करायचे.

आजोबांबद्दल सांगायला हवं. ते त्याच प्रयोगशाळेत मला दोन वर्षं पुढे होते. तिथेच ओळख, तिथेच लग्न ठरलं. त्यांचं स्वतःचं काम काही पुढे गेलं नाही, मग त्यांनी भांडुपला रंगाच्या कंपनीत नोकरी धरली. त्याचं त्यांना वाईट वाटलं असेल, पण त्यांनी कधी तसं दाखवलं नाही. शनिवारी त्यांना अर्धा दिवस असे. जेवणाचा डबा घेऊन ते थेट माझ्याकडे येत. पहारेकरी ओळखीचा, त्यामुळे कोणी अडवत नसे.

ते शनिवार मला अजून स्वच्छ दिसतात. डिसेंबरातलं पांढरं ऊन टेबलावर पडलेलं. भट्टीतून काढलेल्या काचांचा तापलेला, धुळकट वास. ओठ फुटलेले, त्यावर तूप. सॉल्व्हंट, म्हणजे रसायन ज्यात विरघळवायचं तो द्राव, कोरडा करायला, त्यातलं पाणी घालवायला, आम्ही त्यात सोडियमची तार सोडायचो. ती तार पाडायचं यंत्र म्हणजे लोखंडी सोऱ्याच. वर मूठ फिरवायची, खालून चकचकीत शेव पडायची. माझ्या मनगटात तेवढा जोर नव्हता. तुमचे आजोबा बाह्या वर करून मूठ फिरवायचे.

"दिवाळीला आईला घरी हेच करून देतो," ते म्हणायचे.

"बेसन घाल त्यात. आणि पाण्यात तळ."

"मग तुझ्या सरांना चिवड्याबरोबर देऊ."

सोबत बेंझोफिनोन नावाची चिमूटभर पूड टाकायची, आणि सोडियम पुरेसा भिनला की सॉल्व्हंट निळा व्हायचा. जांभळ्याकडे झुकणारा गर्द निळा. तो रंग म्हणजे पाण्याचा थेंबही उरला नसल्याची खूण. जगात त्याहून सुंदर रंग मी पाहिलेला नाही. मी खूश व्हायची, आणि ते म्हणायचे, "आहे, पण अजून थोडं कोरडं कर. रात्रभर उकळू दे."

मी करायची. काचा दुप्पट वेळ भाजायची. नळ्या, बुचं, सुया, सगळं. तोंडाला रुमाल बांधायची, न जाणो, माझ्या श्वासातली वाफ जायची. आणि दर वेळी शेंदरी द्राव शेंदरीच राहायचा. मी उजेडात धरून बघायची. पिवळेपणाची नुसती झाक दिसली तरी फ्लास्क सावलीत नेऊन पुन्हा बघायची, मग कळायचं की खिडकीतलं ऊन आहे. कागदावर तीन शेंडे नाहीत. फ्लास्क धुतला की आतून लख्ख, नव्यासारखा.

घरी सासूबाई असायच्या. मालवणच्या. सासरे गिरणीत होते, त्यांच्या मागे त्या एकट्या पडलेल्या. मायाळू होत्या, पण जीभ तिखट. मी चप्पल काढत असताना विचारायच्या, "काय गो, तुझा ता रसायन अजून शिजला नाय?"

"नाही हो आई."

"आमचो फणस बरो. पिकाक लागलो की वासानच सगळ्या वाडीक सांगता."

आजोबा हसायचे. मीही हसायची. मग आम्ही जेवायचो, आणि भात कालवताना मी त्यांना विचारायची, "वसंत, काय चुकतंय रे? तू तर बघतोयस ना सगळं." हा प्रश्न मी त्या हंगामात किती वेळा विचारला असेन. ते विचार केल्यासारखं करायचे. म्हणायचे, "कुठेतरी ओल राहतेय."

फेब्रुवारी संपता संपता सरांनी मला खोलीत बोलावलं. "पहिला निकाल कदाचित कुठल्या तरी घाणीचा असेल," ते म्हणाले. हळू म्हणाले, पण शब्द घाण हाच वापरला. माझ्या टेबलावर तुम्ही जेवलात तरी चाललं असतं. मी मान डोलावली. मार्चमध्ये फेलोशिप संपली आणि मी कपाटाची किल्ली देऊन बाहेर पडले. फाटकाशी तुमचे आजोबा घ्यायला आले होते. मला त्यांनी घाटकोपरला खाऊगल्लीत नेलं, डोसा मागवला, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं तर स्वतःचा रुमाल दिला. म्हणाले, "हात चांगले आहेत गं तुझे. नशीब नाही."

मी मात्र उलटं समजले. नशीब एकदा आलं होतं, माझ्या हातांनाच ते पेललं नाही. स्वयंपाकात म्हणतात ना, हाताला चव नाही. तसं माझ्या हाताला रसायन नाही, असं मी स्वतःला सांगितलं आणि ते पक्कं बसलं. पुढे शाळेत रसायनशास्त्र शिकवलं, पण मुलांसमोर प्रयोग करताना मी आदल्या दिवशी तो गुपचूप करून बघत असे. मासिकं, शोधनिबंध वाचणं सोडलं. तुम्ही मला 'लेबल आजी' म्हणता, माझ्या डब्यांवर चिठ्ठ्या असतात म्हणून. साखरेच्या डब्यावर साखर लिहून मी तो पुन्हा उघडून बघते, हे तुम्ही सुट्टीत आला होतात तेव्हा पकडलं होतंत आणि खूप हसला होतात. ती सवय त्या हंगामातली आहे.

आता ह्या वर्षीचं सांगते. मटार आले होते, मी आणि आजोबा जेवणाच्या टेबलाशी सोलत होतो. इरा, तुझा तिकडच्या प्रयोगशाळेतून फोन आला. तुझ्याकडे संध्याकाळ होती, चेहरा उतरलेला.

"आजी, माझी पार वाट लागली. पीएफ-सिक्स फुटला."

"फुटला म्हणजे?"

"अगं, सॉल्व्हंटमध्ये पाणी राहिलं होतं. माझ्या रुथेनियमसमोर पाणी आलं ना, की तो फ्लोरीन सोडायला लागतो. दोनच उरले, आणि तो फॉस्फरस जाऊन रुथेनियमला चिकटून बसलाय. फ्लास्कपण आतून पांढरा झाला. सगळ्यांना माहीत असतं हे. पहिल्याच आठवड्यात सांगतात. मीच येडी."

मी तुला काहीतरी धीराचं बोलले असेन. तू म्हणालीस, "चल, पुन्हा करते, दुसरं काय." आणि फोन ठेवलास. मला एवढंच आठवतं की माझ्या हातात एक शेंग होती आणि ती उघडत नव्हती.

म्हणजे सहा बाजूंनी तृप्त असलेला तो शेजारी काही नुसता बसून नव्हता. फ्लोरीन त्याच्याकडूनच येत होता. रुथेनियमजवळ त्याला पाणी मिळालं की तो सुटत होता, आणि सुटलेला फ्लोरीन काच खात होता. पावसाळ्यात पाणी आपणहून आलं होतं. थंडीत मी ते थेंबाथेंबाने हाकलून दिलं. माझ्या हातांनी एकही चूक केली नव्हती. ते जितके नेटके होत गेले तितकी गोष्ट माझ्यापासून लांब जात राहिली. आणि आता जे मुलांना पहिल्या आठवड्यात बजावतात, बाटली नीट बंद करा म्हणून, ते एके काळी माझं होऊ शकलं असतं.

मला रडू आलं नाही. उलट हलकं वाटलं. मी म्हटलं, "वसंत, ऐकलंस? पाणी हवं होतं त्याला."

आजोबांनी शेंग सोलून दाणे वाटीत टाकले. म्हणाले, "हो. मला तेव्हाच कळलं होतं."

दूध आलंय, असं सांगावं तसं ते म्हणाले. मला वाटतं, त्यांना क्षणभर माझं कौतुकही अपेक्षित असावं.

"तेव्हा म्हणजे कधी?"

"जानेवारीत. तुझा तो मनीप्लँटचा फ्लास्क नव्हता का, आतून आंधळा झालेला? रोज दाढी करताना समोर. एक दिवस डोक्यात आलं की कॉस्टिकने काच अशी होत नाही. ही फ्लोराईडने खाल्लेली आहे. मग बाकीचं जुळलं. सोपं होतं तसं."

"मग बोलला का नाहीस?"

त्यांनी टरफलं गोळा केली. मग म्हणाले, "तू थकली होतीस."

"मी थकले नव्हते."

"बरं, मी थकलो होतो म्हण. आई एकटी, तू दिवसभर त्या वासात. घर घ्यायचं होतं, मूल हवं होतं. मार्चमध्ये आपोआप संपत होतं. सांगितलं असतं तर तू अजून पाच वर्षं तिथेच राहिली असतीस."

"राहिले असते."

"तेच म्हणतोय मी."

मटाराची उसळ झाली. मीठ बरोबर पडलं होतं.

न सांगणं मी कदाचित समजून घेतलं असतं. माणसं पुष्कळ गोष्टी सांगत नाहीत, आणि लग्न त्यावर चालतं. पण कळल्यानंतरही शनिवार होते. जानेवारीतही ते डबा घेऊन आले, फेब्रुवारीतही आले. बाह्या वर करून मूठ फिरवली, चकचकीत तार पाडली, शेवेचा विनोद केला. निळ्या रंगाकडे बघून म्हणाले, अजून थोडं कोरडं कर. पाण्याशिवाय हे होणार नाही हे ज्या माणसाला कळलं होतं, तो माझ्या शेजारी उभा राहून उरलंसुरलं पाणी काढून द्यायला मला मदत करत होता. मी वर बघून 'काय चुकतंय' विचारत होते, आणि 'कुठेतरी ओल राहतेय' म्हणणाऱ्याला माहीत होतं की ओल राहिली असती तर मी वाचले असते. त्यांनी माझ्याविरुद्ध काही केलं नाही, फक्त माझ्या बाजूने केलं. ते शनिवार माझ्या लग्नातले सगळ्यात सुखाचे दिवस होते. अजूनही डोळे मिटले की तेच दिसतात, आणि आता मला ते बघायचे नाहीत.

रसायनातून माणसांच्या उपमा काढायला मला आवडत नाही, रसायनाचा अपमान होतो. पीएफ-सिक्सने कोणाला फसवलं नव्हतं. पाणी मिळालं की तो सुटायचा, नाही मिळालं तर नाही. जे होतं ते काचेवर लिहून ठेवायचा. माझ्याच मोरीवर, माझ्याच खिडकीत, त्याने ते लिहून ठेवलं होतं. मी रोज त्यात पाणी घालत होते.

नवरा दुष्ट असता तर हे लिहायला सोपं गेलं असतं. माझ्या वडिलांना शेवटच्या दिवसांत ह्याच माणसाने आंघोळ घातली. मला ताप आला की कपाळावर घड्या ठेवत हाच बसायचा. अजूनही संत्र्याच्या फोडी तो सोलून, बिया काढून माझ्यापुढे ठेवतो. आता मी एकेक आठवण उचलते आणि बाजारात नारळ वाजवून बघावा तशी कानाशी वाजवून बघते. बहुतेक ठणठणीत निघतात. पण सगळ्या वाजवून बघाव्या लागतात, हेच मला सहन होत नाही. परवा त्यांनी माझा चष्मा पुसून दिला. मी तो घेतला आणि मनात आलं, आता मला काय दिसू नये असं ह्याला वाटतंय?

"एवढं काय त्यात," ते एकदा म्हणाले. "पंचेचाळीस वर्षं झाली. वाईट गेलं का आपलं?"

"चांगलं गेलं. पण ते माझं माझ्या हाताने ठरवायचं होतं मला."

"मी काय वैरी होतो तुझा?"

"नाही. वैऱ्याला मी विचारायला गेले नसते."

मग खरंच विचारल्यासारखं त्यांनी विचारलं, "मी आता काय करू सांग."

मी विचार करून एकच गोष्ट मागितली. ती तुमच्या आईबद्दल, चित्राबद्दल होती.

आमच्या घरात एक गोष्ट सांगितली जाते. लग्नकार्यात, पाहुण्यांत, तुमच्या मुंजी-वाढदिवसांत तुम्हीही ती ऐकली आहे. शैलाने चित्रासाठी पीएचडी सोडली. ही गोष्ट आजोबा सांगतात. माझ्या खांद्यावर हात ठेवून, अभिमानाने सांगतात. सुरुवातीला मी म्हणायची, अहो तसं नाही, मला जमलं नाही. लोक म्हणायचे, बघा किती नम्र. मग मी म्हणायचं सोडलं, कारण 'जमलं नाही' हे पुन्हा पुन्हा सांगण्यापेक्षा 'सोडलं' हे ऐकायला बरं होतं. चित्राने मात्र ती गोष्ट मनावर घेतली. लहानपणी प्रगतिपुस्तक माझ्या हातात देताना ती माझ्या चेहऱ्याकडे बघायची, पुरेसं झालं का, अशी. विमानतळावर तुम्हाला कडेवर घेऊन निघताना गळ्यात पडून म्हणाली होती, "आई, माझ्यामुळे तुझं राहिलं." मी म्हटलं, "काहीतरीच." तिने ते ऐकलं नाही. तिच्या बाबांच्या शब्दावर तिचा जास्त विश्वास होता. माझाही होता.

तर मी आजोबांना म्हटलं, "चित्राला तू सांग. तुझ्या तोंडून सांग. मला माफी वगैरे नको."

"सांगतो," ते म्हणाले. "रविवारी फोन येईल तेव्हा सांगतो."

रविवारी फोन आला. मी मुद्दाम स्वयंपाकघरात गेले, पण दार उघडं ठेवलं. ते म्हणाले, "चित्रा, तुला एक सांगायचं होतं." मी हातातलं काम थांबवलं. पलीकडून ती काहीतरी म्हणाली. ते म्हणाले, "अगं, ते तुझ्या आईचं, प्रयोगशाळेतलं." मग थांबले. मग म्हणाले, "काही नाही, इराचं ऐकून आठवण निघाली एवढंच. बर्फ पडला का तिकडे?" त्यानंतर बर्फ, त्यानंतर गुडघे, त्यानंतर सोसायटीच्या पाण्याच्या टाकीची गळती. फोन माझ्याकडे देताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"पुढच्या रविवारी," ते नंतर म्हणाले.

पुढच्या रविवारी फोनच्या वेळेला ते चपला घालून खाली भाजी आणायला गेले. फ्रीज भाजीने भरलेला होता. मी गॅलरीतून बघत होते. कोरड्या हवेत डोंगर इतका जवळ दिसत होता की त्यावरची झाडं मोजता आली असती, आणि ते रिकामी पिशवी हातात घेऊन फाटकाशी उभे होते, कुठेही न जाता. मला त्यांची कीव आली. पण वाट बघायची माझी आता तयारी नाही. त्या एका हंगामात मी पुरेशी वाट बघितली आहे.

म्हणून हे लिहिलं. नीलला मराठी वाचता येत नाही, इराला वेळ लागतो, आणि म्हणून मी पाठवलेलं काहीही तुमची आई तुम्हाला जेवणानंतर मोठ्याने वाचून दाखवते, हे मला माहीत आहे. तेव्हा मुलांनो, तुमच्यासाठी लिहिलेलं इथे संपलं. आता जरा गप्प बसा, तिला टोकू नका.

चित्रा, तू वाचते आहेस. आवाज कापला तर थांब, पाणी पी, आणि पुढचं त्यांना ऐकू जाईल असं वाच. प्रयोगशाळेतली किल्ली मी मार्चमध्ये परत केली. तू त्याच्या पुढच्या वर्षी आलीस. तुला पहिल्यांदा घेतलं तेव्हा माझे हात रिकामेच होते, बाळा. ते तू रिकामे केले नव्हतेस.